किरणोत्सर्गाला आवाज नसतो, मग चेर्नोबिलच्या ध्वनिमुद्रणांत आपण नेमके काय ऐकतो?

मृद्गंध

नमस्कार. आमच्या गावातील चित्रपट मंडळाने अलीकडे श्रवणाच्या बैठका सुरू केल्या आहेत. एखादी ध्वनिकृती सर्वांनी मिळून शांतपणे ऐकायची आणि नंतर तिच्यावर बोलायचे, एवढेच त्यांचे स्वरूप आहे. पुढील बैठकीसाठी मी डॅनिश ध्वनिकलावंत याकोब किर्केगार्ड यांची ‘फोर रूम्स’ ही कृती सुचवली आणि तिच्यावरून मंडळात बराच वाद झाला. त्या वादाचे उत्तर मला स्वतःला देता येत नसल्याने येथे विचारत आहे.

ज्यांनी ही कृती ऐकलेली नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी सांगते. 26 एप्रिल 1986 च्या मध्यरात्रीनंतर चेर्नोबिल येथील चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत स्फोट झाला, दुसऱ्या दिवशी जवळच्या प्रिप्यात शहरातील सुमारे 49,000 लोकांना बसमध्ये बसवून बाहेर काढण्यात आले, आणि भट्टीभोवतीचा 30 किलोमीटरचा पट्टा पुढे कायमचा रिकामा करण्यात आला. किर्केगार्ड 2005 च्या ऑक्टोबरमध्ये या पट्ट्यात गेले. तेथे त्यांनी एक चर्च, एक सभागृह, एक जलतरण तलाव आणि एक व्यायामशाळा अशा चार ओसाड वास्तू निवडल्या. प्रत्येक वास्तूत दहा मिनिटांची शांतता मुद्रित करायची, ते मुद्रण त्याच जागेत स्पीकरवर वाजवायचे, ते वाजत असताना पुन्हा मुद्रित करायचे, आणि असे दहा वेळांपर्यंत करत राहायचे, ही त्यांची पद्धत होती. आरंभी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मग हळूहळू एक खोल, लांबलचक घुमारा वर येतो आणि चारही वास्तूंचा घुमारा वेगवेगळा असतो.

आमच्या मंडळातील एक सर आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, किरणोत्सर्गाला आवाज नसतो; हाच प्रयोग एखाद्या बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या गोदामात केला तरी असाच घुमारा मिळेल, आणि मग श्रोत्याला जो शहारा येतो तो ध्वनीमुळे येत नसून वेष्टनावर छापलेल्या ‘चेर्नोबिल’ या नावामुळे येतो. नाव काढून घेतले तर उरते काय, असा त्यांचा थेट प्रश्न आहे. मला त्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नाही, पण पुरतेही वाटत नाही. अणुयुगाविषयीची ध्वनिकला ऐकताना आपण खरोखर काय ऐकतो, आणि श्रोत्यांना स्थळाचे नाव आधी सांगावे की नंतर, याविषयी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

जुना_ध्वनिमुद्रक

मृद्गंधताई, तुमच्या सरांचे भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आधी तंत्र समजून घेऊ.

न्हाणीघरात गाताना एखादाच सूर अचानक भरदार लागतो, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. बंद जागेचे स्वतःचे ठरावीक अनुनाद, म्हणजे ती जागा आपोआप मोठे करते असे सूर, असतात आणि ते भिंतींमधील अंतरावरून ठरतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा मीटर अंतर असेल, तर त्यांच्यातील सर्वांत खालचा अनुनाद साधारण 17 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 17 कंपनांना, येतो. तो कानाच्या मर्यादेखालचा असल्याने आपल्याला त्याच्या पटीतले 34, 51, 68 असे वरचे अनुनाद ऐकू येतात. आता समजा, यांपैकी एका कंप्रतेला ती खोली इतरांपेक्षा फक्त 3 डेसिबलने उचलून धरते. एका फेरीत हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण तेच मुद्रण पुन्हा त्याच खोलीत वाजवले की 3 चे 6 होतात, मग 9, आणि दहाव्या फेरीला 30 डेसिबल, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने हजारपट. बाकीचे सगळे मागे पडते आणि खोलीच्या आवडीचे तेवढे सूर शिल्लक राहतात. ही युक्ती किर्केगार्ड यांची नव्हे. अमेरिकन संगीतकार अल्विन लूसियर यांनी 1969 मध्ये ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ या कृतीत ती वापरली आणि किर्केगार्ड यांनी ते ऋण उघडपणे मान्य केले आहे. लूसियर यांनी मात्र सुरुवात स्वतःच्या बोलण्याने केली होती. आपण काय करणार आहोत हे ते त्यात सांगतात, त्यांचे अडखळणेही त्यात आहे, आणि फेऱ्या वाढत जातात तसे ते बोलणे विरघळून केवळ खोलीचे स्वर उरतात. किर्केगार्ड यांनी बोलणारा माणूस काढून टाकला.

येथे एक तांत्रिक आक्षेप मी स्वतः नोंदवून ठेवतो, कारण कलासमीक्षकांच्या लेखनात तो सहसा येत नाही. शांतता मुद्रित केली असे आपण म्हणतो, तेव्हा त्या मुद्रणात मायक्रोफोनची स्वतःची सूक्ष्म खरखर आणि यंत्रातील विद्युतमंडलाचा फुसफुसाट हे मोठे घटक असतात. शिवाय प्रत्येक फेरीत खोलीबरोबर स्पीकरचे आणि मायक्रोफोनचे गुणदोषही तितक्याच पटीने वाढत जातात. तेव्हा तो घुमारा निव्वळ खोलीचा नसतो. त्यात यंत्रांचाही वाटा असतो.

आता सरांच्या गोदामाकडे येतो. माणसाचे शरीर आणि अंगावरचे कपडे उत्तम ध्वनिशोषक असतात, हे सभागृहे बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. भरलेल्या प्रेक्षागृहापेक्षा रिकामे प्रेक्षागृह अधिक घुमते, म्हणून तर रिकाम्या सभागृहात ध्वनिचाचणी करताना आम्ही गर्दीचा अंदाज मनात धरतो. पडदे, गाद्या, खुर्च्यांवरचे कापड हे सारे ध्वनी पिते. ते सर्व निघून गेले, काचा फुटल्या, गिलाव्याचे पोपडे जमिनीवर पडले, की जागेचा अनुनाद मोजता येईल इतका बदलतो. तेव्हा ‘फोर रूम्स’मध्ये किरणोत्सर्ग ऐकू येत नाही हे मान्य, पण तेथे माणसे नाहीत आणि पुष्कळ वर्षे नाहीत, ही गोष्ट त्या घुमाऱ्यात भौतिक अर्थाने उतरलेली आहे. गोदामात गोदामाचे रिकामेपण मुद्रित होईल. ते का रिकामे झाले हे कोणताही ध्वनी सांगत नाही, ते माणसालाच सांगावे लागते. आणि तेही नीट सांगावे. प्रिप्यातचा तलाव अपघाताच्या दिवशी ओस पडला असे आपण गृहीत धरतो, पण सफाईच्या आणि देखभालीच्या कामावरची माणसे तेथील ‘अझुर’ तलाव 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरत होती. चेर्नोबिलची शेवटची भट्टी तर 15 डिसेंबर 2000 रोजी बंद झाली. तोपर्यंत शेजारची भट्टी फुटलेल्या त्या केंद्रात वीज तयार होत होती.

भिगवणचा_निरीक्षक

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु याच प्रदेशातून अगदी उलट रीतीने काम करणाऱ्या पीटर क्युसॅक या ब्रिटिश ध्वनिकलावंताचा उल्लेख झाल्याशिवाय ही चर्चा एकांगी राहील. ‘साउंड्स फ्रॉम डेंजरस प्लेसेस’ हे त्यांचे पुस्तक आणि सोबतच्या ध्वनिमुद्रिका 2012 मध्ये प्रकाशित झाल्या. चेर्नोबिल, कॅस्पियन समुद्राकाठची तेलक्षेत्रे आणि ब्रिटनमधील अणुकेंद्रांचे परिसर अशा ठिकाणची मुद्रणे त्यांत आहेत. क्युसॅक यांनी या पद्धतीला ध्वनिपत्रकारिता म्हटले आहे. फोटो आणि मजकूर जे सांगू शकत नाहीत ते त्या ठिकाणचा आवाज सांगतो, अशी त्यांची धारणा आहे. त्यांच्या चेर्नोबिलमध्ये घुमारा नाही. तेथे कोकिळ पक्षी बोलतात, बेडूक ओरडतात, पहाटे जंगल दणाणून उठते, हद्दीच्या आत परतून राहिलेल्या म्हाताऱ्या बायका गाणी म्हणतात, आणि मधूनमधून किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र टकटकते.

या टकटकीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण किरणोत्सर्गाला आवाज नसतो या विधानाला असलेला एकमेव अपवाद येथे सापडतो, आणि तोही माणसाने घडवलेला. गायगर आणि म्युलर यांनी 1928 मध्ये विकसित केलेल्या नळीत विरळ वायू असतो आणि तिच्यात काही शे व्होल्टचा दाब ठेवलेला असतो. बाहेरून एखादा कण आत शिरला की वायूचे आयनीभवन होऊन, म्हणजे वायूचे कण विद्युतभारित होऊन, क्षणभर विद्युतप्रवाह वाहतो. तो स्पंद वर्धकातून स्पीकरला जोडला तर ‘टक’ असा आवाज होतो. दिव्याला जोडला असता तर दिवा लुकलुकला असता. डोळे वाटेवर ठेवून चालणाऱ्या माणसाला धोका कानांनी कळावा, या सोयीसाठी तो आवाज आला आणि आता तोच आपल्या मनात किरणोत्सर्गाचा आवाज होऊन बसला आहे. तरीही त्यात एक प्रामाणिकपणा आहे: प्रत्येक टक म्हणजे त्या क्षणी नळीत घडलेली एक घटना असते. दोन टकांमधील अंतर पूर्णपणे अनियमित असते, तिला कसलाही ताल बांधता येत नाही, आणि ऐकणाऱ्याचा कान मात्र तेथे सतत ताल शोधत राहतो. हे यंत्र कोठेही टकटकते, हेही सांगायला हवे. केरळच्या चवरा भागातील मोनाझाइट हे किरणोत्सर्गी खनिज असलेल्या वाळूवर ते आपल्या घरातल्यापेक्षा कितीतरी जोरात बोलेल आणि तेथे कधीही अपघात झालेला नाही.

याहून विलक्षण गोष्ट दुसऱ्या टोकाला आहे. एक कण नोंदवल्यानंतर नळीला सावरण्यास सेकंदाचा दहा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपासचा वेळ लागतो आणि तेवढ्यात आलेले कण मोजले जात नाहीत. किरणोत्सर्ग फारच तीव्र असेल तर साध्या बनावटीची नळी सावरूच शकत नाही आणि टकटक वाढण्याऐवजी मंदावते, कधी थांबतेसुद्धा. म्हणजे यंत्राची शांतता ही सुरक्षिततेचीही खूण असू शकते आणि सर्वाधिक धोक्याचीही. अपघाताच्या रात्री चेर्नोबिलमध्ये हाताशी असलेली मापके ताशी 3.6 रॉंटगेनच्या (किरणोत्सर्ग मोजण्याच्या एककाच्या) पुढचे दाखवूच शकत नव्हती. काटा टोकाला जाऊन बसला आणि तोच आकडा खरा मानून वर कळवला गेला. प्रत्यक्षात भट्टीच्या परिसरात काही ठिकाणी ती तीव्रता हजारोंच्या घरात होती.

आता पक्ष्यांबद्दल, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. क्युसॅक यांची पहाटेची मुद्रणे ऐकून अनेक श्रोते असा अर्थ काढतात की माणूस गेला आणि निसर्ग सुखी झाला. हा अर्थ कानाला गोड लागतो, पण तो शास्त्रातील एका जुन्या वादावरून अलगद उडी मारून जातो. अँडर्स मोलर आणि टिमोथी मुसो या जीवशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केलेल्या गणनांत जास्त किरणोत्सर्ग असलेल्या जागी पक्ष्यांची संख्या आणि विविधता कमी आढळली. दुसरीकडे बेलारूसच्या बाजूला झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरणे आणि रानडुकरे स्वच्छ अभयारण्यांइतकीच, आणि लांडगे तर सातपटींहून अधिक आढळले. दोन्ही बाजूंच्या मोजणीच्या पद्धतींवर टीका झालेली आहे. आवाजाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटणारी बाब वेगळी आहे. जोडीदार न मिळालेला नर पक्षी जोडी जमलेल्या नरापेक्षा जास्त वेळ गातो, हे पक्षीनिरीक्षकांना चांगले माहीत असते. मोलर आणि मुसो यांना चेर्नोबिलच्या दूषित भागात माद्यांच्या तुलनेत नरांचे प्रमाण जास्त आढळले होते. तेव्हा दाट, भरगच्च गाणे ही समृद्धीची खूण असेल किंवा माद्या कमी उरल्याची. केवळ कानाने हे ओळखता येणार नाही. क्युसॅक यांचे काम मला किर्केगार्ड यांच्यापेक्षा अधिक आवडते, कारण त्यात स्थळ आणि प्रसंग यांची माहिती सोबत दिलेली असते आणि ध्वनीला एकट्याने साक्ष द्यायला उभे केलेले नसते.

कापूरवृक्ष

नाव आधी की नंतर, या प्रश्नापुरते लिहिते. 1996 मध्ये जपानच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे तेथील सरकारी खात्याने, लोकांकडून 738 सूचना मागवून घेऊन त्यांतून देशातील शंभर जपण्याजोगे ध्वनिपरिसर निवडले. त्या यादीत हिरोशिमाची शांतिघंटा आहे, आणि नागासाकीच्या सान्नो देवळातील कापराच्या झाडांची सळसळही आहे. ही झाडे 9 ऑगस्ट 1945 च्या स्फोटकेंद्रापासून सुमारे 800 मीटरवर होती. ती होरपळली, निष्पर्ण झाली, मेली असेच सर्वांना वाटले, आणि पुढे त्यांना पालवी फुटली. त्यांची पाने दुसऱ्या कोणत्याही कापूरवृक्षासारखीच वाजतात. ती सळसळ मुद्रित करून कोणाला ऐकवली तर त्याला ओळखता येणार नाही, आणि तरीही निवड करणाऱ्यांना ती देशाचा ध्वनी म्हणून नोंदवण्याजोगी वाटली. तुमच्या सरांच्या कसोटीवर ही निवड बाद ठरेल. माझ्या मते ऐकणे म्हणजे कानात शिरलेल्या लहरी एवढेच असते, हे गृहीतक त्या कसोटीत आधीच दडलेले आहे. आजीच्या आवाजातील ओवीची फीत आपण जपून ठेवतो ती काही सुरांच्या गुणवत्तेसाठी नव्हे.

मात्र नाव नंतर चिकटवण्याचा प्रकारही आहे आणि तो मला खटकतो. पोलंडचे संगीतकार क्रिस्टॉफ पेंडेरेत्स्की यांनी 52 तंतुवाद्यांसाठी रचलेली प्रसिद्ध कृती आज हिरोशिमाच्या बळींचा शोक म्हणून ओळखली जाते. रचली तेव्हा तिचे नाव ‘8 मिनिटे 37 सेकंद’ एवढेच होते. हिरोशिमा मागाहून आले, आणि आज त्या वाद्यांच्या किंकाळ्यांत लोकांना बॉम्बवर्षाव ऐकू येतो. कृती थोर आहे यात वाद नाही, पण नागासाकीच्या झाडाशी ती जागा जितकी बांधलेली आहे तितका हिरोशिमा या कृतीशी बांधलेला नाही.

फुकुशिमाचे एक उदाहरण देऊन थांबते. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर तेथील अणुकेंद्राचा अपघात झाला. ज्यांचे किशोरवय फुकुशिमात गेले ते संगीतकार ओतोमो योशिहिदे, गायक एंदो मिचिरो आणि कवी वागो र्योइची यांनी त्याच वर्षी 15 ऑगस्टला फुकुशिमा शहरात मोकळ्या मैदानावर संगीतमहोत्सव भरवला. लोकांनी पाठवलेली कापडे शिवून एक प्रचंड मोठी चादर तयार केली गेली आणि गवतावर अंथरली गेली, म्हणजे मातीतील किरणोत्सर्गी धूळ श्रोत्यांच्या अंगाला लागू नये. त्या कार्यक्रमात कोणी काय वाजवले यापेक्षा, ऐकण्यासाठी बसायची जमीनच आधी झाकून घ्यावी लागली, ही गोष्ट मला अणुयुगातील श्रवणाविषयी अधिक सांगते.

दर्यावर्दी

आतापर्यंतची चर्चा अपघातस्थळांभोवती फिरते आहे. अणुयुगाने ऐकण्याची यंत्रणाच कशी बदलली, हा भाग त्यात यायला हवा असे मला वाटते.

1947 मध्ये अमेरिकेने ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पात मायक्रोफोन लावलेले फुगे वातावरणात खूप उंचीवर सोडले. सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली तर तिची कमी कंप्रतेची दाबलहर हजारो किलोमीटर दूर ऐकू येईल, अशी कल्पना होती. त्यांतल्याच एका फुग्याचे अवशेष न्यू मेक्सिकोत रॉसवेलजवळ पडले आणि तेथे उडती तबकडी कोसळल्याची दंतकथा जन्माला आली. 29 ऑगस्ट 1949 ची पहिली सोव्हिएत चाचणी अखेर पकडली गेली ती विमानातील गाळणकागदावर जमलेल्या किरणोत्सर्गी धुळीवरून. पण ऐकण्याची कल्पना मेली नाही. 1996 मध्ये सह्यांसाठी खुल्या झालेल्या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या देखरेखीसाठी कानाला ऐकू न येणारे खालचे ध्वनी टिपणारी 60 अवश्राव्य ध्वनिकेंद्रे आणि समुद्रातील ध्वनी टिपणारी 11 केंद्रे यांचे जाळे आखलेले आहे. भारताने या करारावर सही केलेली नाही. परंतु भूगर्भातील अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठी कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे 1960 च्या दशकातच ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपमापकांची रांग उभारली गेली आणि ती भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे.

समुद्रात याचा जो परिणाम झाला तो कोणाच्याही योजनेत नव्हता. अमेरिकी नौदलासाठी बर्म्युडात पाण्याखालील श्रवणाचे काम करणारे अभियंते फ्रँक वॉटलिंग्टन यांच्या हायड्रोफोनवर (पाण्याखालच्या मायक्रोफोनवर) वारंवार काही विलक्षण आवाज येत असत. ते कुबड असलेल्या देवमाशांचे आहेत असे निष्पन्न झाले. त्यांनी ही मुद्रणे जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांना दिली, त्यांतून 1970 मध्ये देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि शिकार थांबवण्याच्या चळवळीला तिने मोठे बळ दिले. 1979 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने अंकासोबत तिची पातळ चकती वाटली, तिच्या प्रती एक कोटी पाच लाख होत्या. अगदी अलीकडे, 2021 मध्ये, हिंदी महासागरातील एका बटू निळ्या देवमाशांच्या गटाचा शोध लागल्याचे जाहीर झाले. संशोधकांनी तो गट डोळ्यांनी पाहून शोधलेला नाही. दिएगो गार्सिया बेटाजवळील अणुचाचणी देखरेखीच्या हायड्रोफोनमध्ये साठलेल्या अनेक वर्षांच्या ध्वनीतून त्यांचे वेगळे गाणे ओळखले. बॉम्बसाठी लावलेल्या कानाला देवमासा सापडला.

ध्वनिकलावंतांपैकी या बाजूकडे वळलेले एक नाव लुईस के. विल्सन यांचे आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑर्फर्ड नेस नावाची खडीची लांब पट्टी आहे. तेथील प्रयोगशाळांत ब्रिटनच्या अणुबॉम्बच्या कवचांना हादरवून, तापवून, गरगर फिरवून त्यांची सहनशक्ती तपासली जात असे. आता ती जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे. विल्सन यांनी 2005 मध्ये ‘अ रेकॉर्ड ऑफ फिअर’ ही कृती तेथे मांडली. त्यासाठी मोडकळीस आलेल्या प्रयोगशाळेत गायकवृंदाकडून जुने समूहगान गाऊन घेतले, आणि तेथून ऑल्डरमास्टन या ब्रिटनच्या अण्वस्त्रकेंद्राला हलवलेल्या एका अपकेंद्री यंत्राचा आवाज मुद्रित करून परत मूळ जागी आणला. कोणताही अपघात न झालेली, केवळ तयारी झालेली जागा ऐकणे मला चेर्नोबिलपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

राजापूरकर

सर्वांचे लेखन वाचले. एक साधी तक्रार नोंदवतो. ही सर्व मुद्रणे घडून गेल्यानंतरची आहेत. 1986 पूर्वीची प्रिप्यातची व्यायामशाळा कशी घुमत होती, तेथील जंगलात पहाटे किती पक्षी गात होते, याची तुलना करायला काहीच हाती नाही, म्हणून तर वर निरीक्षकांनी सांगितलेला वाद मिटत नाही.

आमच्या भागात, रत्नागिरी जिल्ह्यात, माडबनच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी जमीन घेऊन बरीच वर्षे झाली. एकूण 10,380 मेगावॅटच्या सहा भट्ट्या तेथे प्रस्तावित आहेत. प्रकल्प व्हावा की होऊ नये यावर येथे वाद नको, त्याच्यावर गावागावांत पुरेसे बोलून झाले आहे आणि 2011 मध्ये साखरी नाटे येथे गोळीबारात एक जीवही गेला आहे. पण पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावरच्या खळग्यांत पाणी साठते आणि बेडकांचा जो कल्लोळ उठतो, नाट्याच्या जेटीवर पहाटे मचवे परत येताना इंजिनांचे, बर्फाच्या गाड्यांचे आणि लिलावाचे जे आवाज असतात, ते तारीख, वेळ आणि हवामान यांच्या नोंदीसह कोणी मुद्रित करून ठेवले आहेत का? पर्यावरणीय अहवालात ध्वनी येतो तो डेसिबलच्या तक्त्यात, आणि त्या तक्त्यात बेडूक आणि ट्रक यांच्यात फरक नसतो. ध्वनिकलावंतांनी आधीच येऊन बसावे, असे मला वाटते. दुर्घटना झालीच पाहिजे अशी अट नाही; भट्ट्या सुरळीत चालल्या तरी सड्याचा आवाज बदलणारच आहे, आणि भट्ट्या आल्याच नाहीत तरी ती मुद्रणे वाया जाणार नाहीत.

मृद्गंध

सर्वांचे मनापासून आभार. सरांना हा धागा वाचायला दिला. मापक तीव्र किरणोत्सर्गात गप्प होऊ शकते हे त्यांना अर्थातच ठाऊक होते, पण रिकाम्या सभागृहाचा मुद्दा त्यांनी मान्य केला आणि बैठकीत तो स्वतः समजावून सांगण्याची तयारी दाखवली. नाव आधी सांगायचे असे आम्ही ठरवले आहे, कारण लपवून नंतर उघड करण्यात एक प्रकारची नाट्यमय चलाखी आहे आणि मग चर्चा ध्वनीवर न होता त्या चलाखीवर होते. आधी क्युसॅक, मग किर्केगार्ड यांचे सभागृह आणि तलाव हे दोनच भाग, असा क्रम आहे. राजापूरकर, तुमच्या सूचनेवर मंडळात स्वतंत्रपणे बोलणार आहोत. ध्वनिमुद्रणाचे काम करणारे दोन सदस्य आमच्याकडे आहेत आणि मृगाच्या सुमारास येणे जमेल का, हे ते तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने विचारतील.

आता एक व्यवहारातला प्रश्न उरतो. आमच्याकडे शाळेचे सभागृह आहे, कौलारू, सुमारे साठ माणसे बसतील एवढे, आणि प्रोजेक्टरसोबत आलेले दोन लहान स्पीकर आहेत. तेवढ्यावर भागेल का?

जुना_ध्वनिमुद्रक

भागणार नाही. लहान स्पीकर शंभर हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही देत नाहीत आणि या कृतीचा बराचसा ऐवज तेथेच आहे. तुम्हाला फक्त वरची शीळ ऐकू येईल आणि लोक म्हणतील की यात काही नाही. तालुक्याच्या गावी मंडपवाल्याकडे सबवूफर मिळेल, पण तो वरातीच्या सवयीने सगळे वाढवून ठेवतो, तेव्हा मिक्सरवरचे बासचे बटण स्वतः मध्यावर आणा आणि आवाज बेताचा ठेवा. सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. कौलांचा फायदा असा की त्यांच्या फटींतून खालच्या कंप्रता बाहेर निघून जातात आणि तुमच्या सभागृहाचा स्वतःचा घुमारा फार चढणार नाही. मात्र पंखे बंद ठेवावे लागतील, कारण पंख्यांची घरघर याच पट्ट्यात येते. साठ माणसे आणि पंखे बंद, हे उन्हाळ्यात जमणार नाही, म्हणून बैठक रात्री साडेआठनंतर ठेवा आणि ऐकवण्याच्या अर्धा तास आधी पाच मिनिटांचा तुकडा वाजवून शेवटच्या रांगेत बसून बघा. खिडक्यांची तावदाने थरथरत असतील तर कडेला कागदाच्या घड्या खोचा.